कानवाचनचा एकमेव मेंटेनर

१ जानेवारी
यंदा कानवाचनची दुसरी आवृत्ती काढायचीच. बाबांची नजर गेली तेव्हा त्यांच्यासाठी लिहिलेलं, पुस्तकं मोठ्याने वाचणारं हे सॉफ्टवेअर आज कुठल्या कुठे पोचलंय. ओपन सोर्स आहे, म्हणजे कोड सगळ्यांना खुला. कुणीही सुधारणा पाठवावी. मंजूर मी करणार, कारण देखरेख करणारा, म्हणजे मेंटेनर, मी एकटाच.

३ जानेवारी
बाबांचा फोन. जन्म मुद्रितं तपासण्यात गेला, चुका काढायची सवय जात नाही. म्हणाले, ऐकता ऐकता डोळा लागतो, आणि पुन्हा सुरू केलं की पुस्तक परत पहिल्या पानापासून. थांबलं तिथून पुढे नाही का होणार? समजावलं की असं फोनवर सांगून चालत नाही, साइटवर रीतसर इश्यू, म्हणजे लेखी तक्रार, टाकावा लागतो. घरच्यांना वेगळा न्याय दिला तर बाकीच्यांनी माझ्याकडे बघून काय शिकायचं? बाबा म्हणाले, बरोबर आहे तुझं.

७ जानेवारी
इश्यू आला. आईने टाइप केलाय. ‘अडचण कशी येते, पायरीपायरीने लिहा’ या रकान्यात तिने लिहिलंय: हे झोपतात. ऑपरेटिंग सिस्टिमच्या रकान्यात: बरी आहे.
‘अपुरी माहिती’ असं लेबल लावावं लागलं. वाईट वाटलं, पण नियम तो नियम.

१९ जानेवारी
लोगो बदलला. आठवडा गेला, पण पायाभूत कामाला वेळ लागतोच.

२ फेब्रुवारी
बाबांचा इश्यू वाचून कुणीतरी चक्क दुरुस्ती करून पाठवली. नावाशेजारच्या फोटोत फक्त टोपी दिसते, म्हणून मी टोपीच म्हणतो. तपासलं. चालतंय. पण नुसतं चाललं म्हणजे झालं का? कोडमधली नावं लांबलचक, मोकळ्या जागा भलत्याच ठिकाणी, शेऱ्यांना पूर्णविराम नाहीत. सगळं बारकाईने लिहून परत पाठवलं. नवोदितांना घडवावं लागतं.

१० फेब्रुवारी
टोपीने सगळं सुधारून पाठवलं, वर आभारही मानले. आता लक्षात आलं की दुसऱ्या आवृत्तीत मी सगळाच कोड नव्याने लिहिणार, मग जुन्यात भर कशाला? ‘थांबा’ म्हणून कळवलं. बायको म्हणाली, बाबांसाठी तरी घे ना ते. तिला आर्किटेक्चर कळत नाही.

२७ फेब्रुवारी
दुसरी आवृत्ती: फोल्डर तयार.
इश्यूंचा ढीग फार साचला होता. हालचाल नसलेले इश्यू आपोआप बंद करणारा बॉट बसवला. दुपारपर्यंत यादी झाडून काढल्यासारखी लख्ख. जीव हलका झाला.

१ मार्च
आईचा फोन. तिला संदेश गेला म्हणे: ‘आपल्याकडून प्रतिसाद न आल्याने हा विषय संपला असे समजत आहोत. सहभागाबद्दल आभार.’ विचारत होती, आमचं काही चुकलं का? म्हटलं, बॉट आहे तो, मनावर घेऊ नकोस. ती म्हणाली, मी नाही घेत, यांना काय सांगू तेवढं सांग. नेमकी मीटिंग होती, फोन ठेवावा लागला.
टोपीची दुरुस्तीही त्याच झाडलोटीत गेली. परत उघडता येईल. बघू.

१५ मार्च
टोपीने माझा कोड उचलून स्वतःचा वेगळा संसार थाटला. याला फोर्क म्हणतात. परवानगी लागत नाही. तसं मीच पहिल्या दिवशी परवान्यात लिहून ठेवलंय, मोठ्या मनाने. असली फॅडं चार दिवस टिकतात.

२ एप्रिल
बरेच लोक तिकडे गेले. बरं झालं, गर्दीत एकाग्रता होत नव्हती.

२० एप्रिल
आज एकही इश्यू नाही. काल नव्हता, परवाही नव्हता. म्हणजे दोष उरलेले नाहीत. तरी सारखा जाऊन बघतो. बॉटलाही काम नाही. खरं सांगायचं तर करमत नाही.

४ मे
बाबांचं काम झालं! थांबलं तिथून पुढे वाचतं. टोपीचा कोड न बघता लिहिलं. बरंचसं न बघता. उद्या न कळवता घरी जाणार. बाबांचा चेहरा बघायचाय.

५ मे
दारापाशी पोचलो तर आतून कानवाचनचाच आवाज. चाचण्या करून करून बाबांच्या पुस्तकाचं पहिलं पान मला पाठ आहे. हे ते नव्हतं. गोष्ट खूप पुढे गेलेली, कुणीतरी कुणाला बोटीवर सोडायला आलं होतं, आणि बाबा मध्येच हसले. फार दिवसांनी ऐकलं ते हसणं.
बेल वाजवली. आवाज थांबला. आईने सेफ्टी चेनमधून बघून ‘आले हं’ म्हटलं आणि परत आत गेली. कुजबुज. दार उघडेपर्यंत स्क्रीनवर माझा लोगो आणि पुस्तक पहिल्या पानावर. खाली कोपऱ्यात टोपीच्या फोर्कची खिडकी मिटून ठेवलेली. बाबा म्हणाले, ये, तुझंच ऐकतोय.
पहिलं पान त्यांनी अगदी मन लावून ऐकलं. मधे दोनदा ‘वा’ म्हणाले. आई माझ्याकडे बघत नव्हती. मी लॅपटॉपची बॅग उघडलीच नाही. चहा घेतला, निघालो.
जिन्यात थांबलो. जरा वेळाने पुन्हा आवाज सुरू झाला, बोट सुटल्यापासून पुढे. पायरीवर बसलो आणि रडलो. आवरेना.

६ मे
बाबांचा फोन. काल तू गप्प गप्प होतास, म्हणाले, तब्येत बरी आहे ना? तुझं सॉफ्टवेअर उत्तम चाललंय, त्याची काळजी करू नकोस. मी म्हटलं, बाबा, तुमचं ते पुढच्या आवृत्तीत करतो.
म्हणाले, सावकाश कर रे. मला काही घाई नाही.