पप्पू नावाचा नंबर

पाटण,
सोमवार, १४ एप्रिल २०२५

तीर्थस्वरूप बाळासो मामांस,
सोनियाचा पाया पडून नमस्कार.

इकडे आम्ही दोघं मजेत आहोत. तुमची, हरणामामीची आणि मेंढरांची खुशाली कळवा. मेंढरांची आधी कळवलीत तरी मामी रागावणार नाही, तिला सवय आहे.

पाटणला येऊन चार महिने झाले. हे रोज सकाळी कंपनीच्या जीपनं वर पठारावर पवनचक्क्यांच्या दुरुस्तीला जातात आणि संध्याकाळी कानात वारा भरून परत येतात. दोनदा हाक मारल्याशिवाय ऐकूच येत नाही. मी पुढच्या खोलीत संगणकाचा क्लास काढलाय. अकरा मुली येतात. आज आंबेडकर जयंतीची सुट्टी, म्हणून लिहायला बसले. इथं नळाला दोन्ही वेळा पाणी येतं. पहिल्या दिवशी मी हात धुतलेलं पाणी बादलीत साठवायला लागले, तर शेजारच्या काकू हसल्या. आपल्याकडची सवय. आता तेच पाणी अळूला घालते, आणि अळू असं माजलंय की वडी करून गल्लीभर वाटली तरी संपत नाही. खरंच सुखात आहे, मामा. काळजी करू नका.

तुम्हाला वाटेल, फोन हातात असताना ही पोरगी पत्र का लिहीत बसली. फोनवर सांगवत नाही म्हणून. थोडा माझ्या धीराचा प्रश्न आहे, थोडा फोनचा.

परवा तुम्ही म्हणालात, "गुंड्याच्या लेकीचं लगीन हाय चार मेला. पत्रिका घिऊन सोता आलता. मी आत बसून ऱ्हायलो, भाईर आलो न्हाई." गुंडामामा, तुमचे लहानपणापासूनचे जोडीदार! मी नुसतं "हं" म्हटलं आणि मामीकडे फोन द्या म्हटलं. त्या रात्री जेवण गेलं नाही. यांनी विचारलं तर सांगितलं, अळूनं घसा खवखवतोय.

आधी माझ्या मागच्या नोकरीबद्दल लिहिते. तुम्ही सगळ्या वाडीला सांगायचात, "भाची सरकारात कंपुटरवर हाय." सरकारात नव्हते. एका ठेकेदारामार्फत सरकारच्या कामावर होते. कुठल्या गावी, कुणाच्या हाताखाली, ते लिहीत नाही. ते न सांगण्याच्या कागदावर माझी सही आहे. हे पत्र लिहून मी तो कागद निम्मा मोडतेच आहे.

एका खोलीत आम्ही पाच मुली बसायचो. प्रत्येकीच्या संगणकाला सहा-सहा मोबाईल नंबर जोडलेले, आणि प्रत्येक नंबराला एक खोटं नाव. त्या नावांनी लोकांच्या फोनवरच्या गटांत शिरायचं, तिथं काय चाललंय ते वाचायचं, ऐकायचं, आणि चार वाजता अहवाल द्यायचा. कोण मोर्चा काढतंय, कोण कुणाविरुद्ध बोलतंय. त्या लोकांवर काही गुन्हा होता असं नाही. कुणाच्या सहीचा हुकूमही आम्ही कधी पाहिला नाही. फक्त गटांची यादी यायची. पहिल्या महिन्यात मी साहेबांना विचारलं होतं, "सर, हे चालतं का?" ते म्हणाले, "ज्यांनी काही केलं नाही त्यांना कसली भीती?" मला ते पटलं. पगार वेळेवर होता, खोलीत पंखा होता, आणि वाईट काही घडताना दिसत नव्हतं.

मग एक दिवस यादीत 'गायरान बचाव' आलं. आपल्या वाडीचं.

साहेबांना सांगायला हवं होतं की हा माझ्या मामांचा गट आहे. नाही सांगितलं. दुसऱ्या मुलीकडे गेला तर ती काय लिहील कोण जाणे, माझ्याकडे राहिला तर सांभाळून घेता येईल, असं मी मनाशी म्हटलं. ते अर्धंच खरं होतं. मला तुमचा आवाज ऐकायचा होता.

मामा, तुमच्या गटातला पप्पू मी होते.

'पप्पू, सध्या सांगलीला कामाला' असा जो नंबर होता, कधी न बोलणारा, फक्त नमस्काराच्या हातांचं चित्र टाकणारा, तो माझा. तुम्ही सगळ्यांनी त्याला किती जीव लावला! लालासाहेबाला वाटायचं तो त्याच्या चुलत्याच्या घरातला, आणि चुलत्याला वाटायचं तो लालासाहेबाच्या सासरवाडीचा. मामीनं तुमच्या फोनवरून त्याला एक स्थळसुद्धा सुचवलं. "मुलगी बारावी झालीया, रंगानं सावळी हाय पन कामाला वाघीण." मी त्या खोलीत तोंडाला ओढणी लावून हसले होते. तुम्ही म्हणालात, "पप्पू बोलत न्हाई, पन पोरगं गुनी दिसतंय."

त्या आठ महिन्यांत मी तुम्हाला जितकं ऐकलं तितकं लहानपणी तुमच्याकडे सुट्टीला यायची तेव्हाही ऐकलं नव्हतं. कुठल्या मेंढीला जुळं झालं, गायरानावर सोलर कंपनीचं कुंपण आलं तर कळप कुठून न्यायचा, तुमचा गुडघा, मामीच्या पोटातली गाठ. त्या गाठीचं तुम्ही चाळीस माणसांना सांगितलं होतं, मला नाही. आणि मी फोनवर पटकन विचारलं, "मामीचा रिपोर्ट आला का?" तुम्ही म्हणालात, "तुला कुनी सांगितलं?" मी म्हटलं, आईनं. आईला तर तोपर्यंत काहीच ठाऊक नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा चोरी केल्यासारखं वाटलं. तरी दुसऱ्या दिवशी कामावर गेले.

आता भाद्रपदातल्या त्या सोमवारबद्दल.

तुम्ही फक्त गुंडामामांना पाठवायचा बोललेला निरोप चुकून सगळ्या गटात टाकलात. "बुधवारच्या मोर्चाचं सगळ्यास्नी ठावं झालंय. आपुन उद्याच जायचं. मेंढरं घिऊन थेट कचेरीच्या दारात." गुंडामामांनी लगेच लिहिलं, "पुस ते." तीन मिनिटांत तुम्ही पुसलंत. त्यांच्याशिवाय गटातल्या कुणीच ते ऐकलं नव्हतं, मी तपासलं होतं. पण आमच्या संगणकात आलेलं सगळं आपोआप साठायचं. तुमच्या फोनवरून गेलं तरी माझ्याकडे राहिलं.

मला ते सोडून देता आलं असतं. कुणाला कळलं नसतं. पण आठवडाभर माझ्या अहवालात काही नव्हतं आणि सकाळीच साहेब त्यावरून बोलले होते. वाटलं, फार तर पोलीस दोन माणसं जास्त ठेवतील. मी ते टाइप केलं. शब्द न् शब्द. साहेब म्हणाले, "शाबास सोनिया."

पुढचं तुम्हाला माहीत आहे. मंगळवारी पहाटे दारात गाडी, दिवसभर ठाण्यात बाकावर, नोटिशीवर सही, अकरा दिवस फोन जप्त. आणि त्यांनी तुमचंच वाक्य तुम्हाला ऐकवलं. तुम्ही हिशोब केलात की ते वाक्य ऐकलेला माणूस जगात एकच. बिरोबाच्या देवळापुढं सगळ्यांसमोर तुम्ही गुंडामामांना म्हणालात, "घरभेदी." हे मला नंतर तुम्हीच फोनवर सांगितलंत. रडत होतात. मी म्हटलं, "जाऊ द्या मामा, माणसं बदलतात."

हे वाक्य मी बोलले. सगळ्या पत्रात लिहायला सगळ्यात अवघड हेच गेलं.

डिसेंबरात नोकरी सोडली. कारण सांगताना यांची पाटणची बदली पुढे केली. यांना सगळं मागच्या आठवड्यात सांगितलं. ऐकून म्हणाले, "लग्नाआधी पत्र पोहोचायला हवं. मी स्वतः टाकतो."

गुंडामामांनी कुणाला काहीही सांगितलं नाही. हे पत्र कुणालाही वाचून दाखवा. माझं नाव झाकू नका. वकिलापुढे सांगायची वेळ आली तर मी येईन, तो कागद मोडल्याचं जे होईल ते होईल. पण चार मेला तुम्ही घरात बसू नका.

मामीला एवढंच सांगा की स्थळ चांगलं होतं.

तुम्ही मला अजून भाची म्हणाल का, ते विचारायचा हक्क नसलेली,
सोनिया


सोमवार, ५ मे २०२५

चि. सोनियास,

पत्र पोचलं. उत्तराला उशीर झाला, कारन पहिले आठ दिस मी तुझं पत्र कोपरीच्या खिशात घिऊन नुसता हिंडलो. कळपामागं चालायचो, बसायचो, काढून वाचायचो, परत घडी करायचो. हरणा म्हन्ली, "कुनाचं पत्तर हाय?" मी म्हन्लं, "पप्पूचं." मग तिला समदं वाचून दावलं. ती लय वेळ चूल फुकत बसली. चूल पेटलेलीच हुती.

मला राग आला, खोटं कशाला लिवू. तू नोटीस आनलीस म्हनून न्हाई. म्या लपवून काय करत हुतो? मेंढरं तर दिवसाढवळ्या नेनार हुतो. पन हरणाच्या पोटातली गाठ म्या चाळीस मानसांत बोललो, ती माजी मानसं म्हनून बोललो. सायबानं म्हनावं, काय केलं न्हाई त्याला भ्या कसलं. आरं, माजी बायकू आजारी हाय हे कुनाला सांगायचं ते मी ठरवनार का न्हाई? त्यो खोलीतला सायब कोन लागतो आमचा?

शनवारी हळदीला गेलो. गुंड्याच्या दारात मांडव घातलेला, निम्मी वाडी तितंच. मला बगूनबी गुंडा उटला न्हाई. मी म्हन्लं, "गुंड्या, चारचौघांत बोललो हुतो, चारचौघांतच माघारी घ्याला आलोय." आन उभा राहून तुझं पत्र वाचलं. पैल्यापास्नं. अळूबी वाचला. तुझं नाव यील तितं मी खोकलो, 'मामा' आलं तितंबी खोकलो. तीनदा खोकल्यावर लालासाहेब म्हन्ला, "आवं, पानी द्या की त्यास्नी." आमच्या वाडीत खरे दोन पप्पू हाइत. दोघांनीबी तितल्या तितं बिरोबाची आन घिऊन सांगितलं, आमी न्हवं.

तू नाव झाकू नका लिवलंस. मी झाकलं. तुज्यासाटी न्हाई. वाडीनं एका मानसाला उगाच घरभेदी धरलं ते बगून झालंय माजं, आता दुसरं मानूस द्यायचं न्हाई.

वाचून झालं तरी गुंडा खालीच बगत हुता. मग म्हन्ला, "बाळासो, एकच सांग. मला इचारलं का न्हाईस? चाळीस वर्सं एका घोंगड्यात निजलो आपुन. एकदा येऊन इचारायचंस, गुंड्या तू सांगितलंस का. मी न्हाई म्हन्लो असतो, आन तू मानलं असतंस."

मी पत्राची घडी घालून खिशात ठिवली. पोरी, तू चोरून ऐकलंस, ती तुजी चूक. पन गुंड्यावर संशय मी घेतला. त्यो काय तुज्या कंपुटरनं घेतला न्हाई. फोन गेला ते अकरा दिसांत माघारी आला. गुंडा सात-आठ म्हैनं गेला हुता, आन त्यो मी घालवला.

मग त्याची लेक उटली, माज्या हाताला हळद लावली आन म्हन्ली, "मामा, जेवून जावा." जेवलो. काल लग्नात अक्षता टाकायला गुंड्याशेजारीच उभा हुतो. माजा फेटा सुटला तवा त्यानंच बांधून दिला, घट्ट, कानशील दुखंस्तवर.

गायरानाचं म्हनशील तर गट आता फोनवर कमी आन देवळापुढं जास्त भरतो. येकमेकाचं तोंड बगून बोलल्यालं बरं वाटतंय. कवठे महांकाळच्या वकिलानं माहितीचा अर्ज टाकलाय, कुनाच्या सहीनं आमचं ऐकत हुता म्हनून. उत्तर न्हाई आलं. आलं न्हाई तर तू यिऊन सांगशील असं मी त्याला म्हनून बसलोय. ठेकेदाराचा कागद वकिलाला दाव, मग बगू. जैसलमेरला पलटनीत असल्याला आपल्या वाडीतल्या भाऊसोचा पोरगाबी फोनवर म्हन्ला, "काका, सोडू नका."

हरणाची गाठ साधी निगाली, बरी हाय. जावईबापू जोतिबाला सांग, पत्र टाकल्याबद्दल त्याला मामाकडनं एक कोकरू. पाटनात ते कुठं बांदायचं ते तुमचं तुमी बगा.

तू भाची म्हनाल का इचारलंस. ते इचारायची गोस्ट हाय का, येडे?

माजा आशीर्वाद तुला हायच. गुंड्याचा मला देता येत न्हाई. त्यो तू सोता त्याच्या दारात यिऊन माग. दिला तर घे, न्हाई दिला तर परत मागायला ये.

तुजा मामा,
बाळासो