सुकेळ्यांचा प्रसाद

आगाशी,
१० मार्च १९७४

चि. भालचंद्र यास मथुराताईचे अनेक आशीर्वाद.

एमिलीबद्दलचं तुझं पत्र वाचल्यापासून आईने तोंडाला कुलूप घातलंय. तुझ्या लग्नाचा विषय काढला की ती उठून वाडीत जाते. आणि तू लिहितोस, आईने हो म्हटल्याशिवाय लग्न करणार नाही. मोठा आलाय श्रावणबाळ!

पण काल नवल घडलं. राजेळी केळी वाळवून यंदाची सुकेळी झाली, ती भवानीशंकरापुढे ठेवल्यावर आईने एक पुडकं केळीच्या वाळक्या सोपटात वेगळं बांधलं आणि हे तिला पाठव म्हणाली. ती म्हणजे कोण, हे मी विचारलं नाही. शेजारच्या इझाबेलचा मुलगा तिकडे इंग्लंडला निघालाय, त्याच्याकडे देते. प्रसाद म्हणजे काय ते एमिलीला नीट सांग. तिला कसा लागला ते आईला ऐकायचंय.

प्रकृतीला जप.
तुझी ताई

लेस्टर,
१४ एप्रिल १९७४

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पुडकं पोचलं. प्रसादाला इंग्रजीत काय म्हणावं, यावर माझी संध्याकाळ गेली. डिक्शनरी उलटीपालटी केली आणि शेवटी ‘होली फूड’ सांगून मोकळा झालो. एमिलीने हात धुतले, पुडकं काचेच्या कपाटात आजीच्या चांदीच्या कपाशेजारी ठेवलं आणि पुढे मेणबत्ती लावली. मला नुसता वास घ्यायची परवानगी आहे. तिचा हा भक्तिभाव आईला जरूर सांग.

आईला साष्टांग नमस्कार. राग नसावा.
भालचंद्र

आगाशी,
५ मे १९७४

चि. भालचंद्र यास आशीर्वाद.

अरे शहाण्या, आईला पत्र वाचून दाखवलं आणि पंचाईत झाली. आपल्या हातचं तिने तोंडातसुद्धा घातलं नाही, एवढंच म्हणून ती ताटावरून उठली. मला फार वाईट वाटलं.

तुझी डिक्शनरी ठेव बाजूला. प्रसाद कधी कपाटात राहिलाय का? देवळातून घरी येईपर्यंत निम्मा वाटेतच संपतो. इझाबेलकडे जातो, गड्याला जातो, दारात कोण उभा असेल त्याच्या हातावर पडतो. वाटायचा आणि संपवायचा. एवढं सांग तिला, कुठल्याही भाषेत.

ताई

लेस्टर,
२६ मे १९७४

ती. ताईस सा. न.

तुझं पत्र एमिलीला समजावून सांगितलं. ती लाजून लाल झाली. दुसऱ्या दिवशी सुकेळ्यांचे बारीक तुकडे करून कामावर, तिच्या इस्पितळात घेऊन गेली. वॉर्डातले म्हातारे, डॉक्टर, झाडणारी बाई, सगळ्यांच्या हातावर तुकडा ठेवला. हे काय म्हणून विचारलं, तर ‘प्रसाद’ म्हणाली आणि पुढे गेली. घरी आली तेव्हा काही उरलं नव्हतं. सोपटाला चिकटलेलं तेवढं तिने बोटाने निपटून खाल्लं. खूप गोड होतं म्हणाली. माझ्या वाट्याला परत वासच.

आई काय म्हणते ते लिही. जीव टांगणीला लागलाय.
भालचंद्र

आगाशी,
१६ जून १९७४

चि. भालचंद्र यास आशीर्वाद.

आईने पत्र दोनदा वाचायला लावलं. सोपटाचं आलं तिथे पदराने डोळे पुसले आणि हसत सुटली. सगळ्यांना वाढून मागचं निपटून खाणारी ती घरातलीच बाई, मला आता आणखी काय विचारता, असं म्हणाली. दिवाळीनंतर दोघं या. लग्न इथेच करायचं आणि तिची ओटी आई स्वतः भरणार आहे.

इझाबेलची मुलगी मेरी तिकडे येतेय, तिच्याबरोबर मागे ठेवलेली सुकेळी पाठवतेय. पुडक्यावरचं नाव आईने माझ्याकडून मुद्दाम मोठ्या अक्षरात लिहून घेतलंय. तुझं नाही. एमिलीचं.

माया आहेच, ती दोघांत वाटून घ्या.
तुझी ताई