ट्रेलर आता मी ओढते

नोव्हाय, मिशिगन
रविवार, १० सप्टेंबर २००६

प्रिय रवी,

अण्णांना माझा नमस्कार सांग. ते आता कपबशी स्वतः धरतात, असं तुझ्या सुमेधाताईंकडून कळलं. खूप बरं वाटलं. इकडे मी ठीक आहे. ऑफिस नेहमीसारखं. सकाळी थोडी थंडी पडायला लागली आहे.

पत्र बघून दचकू नकोस. फोनवर आपण अण्णांची शुगर, नागपूरचं ऊन आणि इथलं हवामान एवढंच बोलतो, तेवढ्यात कॉलिंग कार्ड संपतं. शिवाय तुझ्यामागे अण्णांचा टीव्ही किंचाळत असतो. म्हटलं, लिहावंच.

आधी ट्रेलरचं सांगते. जूनमध्ये सबडिव्हिजनमधल्या घरमालकांच्या असोसिएशनची नोटीस आली की ड्राइव्हवेमधला कॅम्पिंगचा ट्रेलर हलवा. तुला फोनवर सांगितलं, तर तू म्हणालास, "विकून टाक ना." इतक्या सहज, जसं काही घरातली जुनी इस्त्री! ज्या ट्रेलरसाठी तू एक अख्खा हिवाळा माझं डोकं खाल्लंस, तो? मी फोन ठेवला आणि अर्धा तास एकटीच भांडत बसले तुझ्याशी. मग म्हटलं, विकते कशाला, चालवते.

राजीवभावजींना बोलावलं. तुला माहीतच आहे, ब्रेक या विषयावर त्यांना बोलायला लावलं की जेवण गार होतं. म्हणाले, "वहिनी, पिकअप छोटा आहे. ओढायचं काय, तो ओढेल. पण थांबवणार कसा, ते आधी शिका." मग शिकले. ट्रेलर पिकअपला जोडताना साखळ्या खालून एकमेकींवरून आडव्या लावायच्या. डॅशबोर्डखालच्या डबीने ट्रेलरचे ब्रेक वेगळे लागतात. दर वेळी निघताना सगळे दिवे तपासायचे. आणि पुढच्या गाडीपासून इतकं लांब राहायचं की मागचे लोक वैतागून हॉर्न मारतील.

रिव्हर्सने मात्र मला रडवलं. मॉलच्या रिकाम्या पार्किंगमध्ये दोन रविवार घालवले. ट्रेलर हवा तिकडे सोडून बाकी सगळीकडे जायचा. शेवटी भावजी म्हणाले, स्टिअरिंग खालून धरा आणि ट्रेलरचं बूड जिकडे न्यायचं तिकडे हात न्या. आणि गेलं की रे! मी एवढी खूश झाले की घरी येऊन तुला फोन लावला. तू अण्णांना घेऊन फिजिओथेरपीला गेला होतास.

आता खरी गंमत ऐक. लेबर डेच्या सुट्टीत महाराष्ट्र मंडळाची कॅम्पिंगची टूम निघाली, वर मॅकिनॉच्या बाजूला. साठ माणसांचा शिधा न्यायचा कोणी? आसावरीने, तिच्याकडे ट्रेलर आहे ना! आपली माणसं कशी आहेत तुला ठाऊक आहे. जंगलात जायचं, पण पुरी-भाजी, मसालेभात आणि श्रीखंड हवंच. तांदळाची पोती, कणकेच्या पिशव्या, तेलाचे डबे, मंडळाचे दोन मोठे कुकर, आणि मंडळातल्या दीपाने दिलेला तो दगडी खलबत्ता, कारण म्हणे मिक्सरच्या चटणीला चव नसते. हे सगळं मी कुठे ठेवावं? स्वयंपाकाचं सामान स्वयंपाकघरात! ओट्याखाली, कपाटांत, नीट लावून. आणि आपल्या ट्रेलरचं स्वयंपाकघर आहे एकदम मागच्या टोकाला. कपाळ माझं!

बे सिटी सोडल्यावर एक मोठा ट्रक शेजारून सर्रकन गेला, आणि आपला ट्रेलर झुलायला लागला. आधी थोडा, मग इतका की आरशात तो एकदा डावीकडे दिसे, एकदा उजवीकडे. पिकअपचं मागचं अंगच त्याच्याबरोबर फरफटायला लागलं. माझी पाचावर धारण बसली. पाय ब्रेककडे जात होता, तो मी अक्षरशः ओढून धरला. तिथे ब्रेक दाबला असता तर हे पत्र तुला दुसऱ्या कोणी लिहिलं असतं. गॅस पेडलवरचा पाय काढला, स्टिअरिंग सरळ धरलं आणि हाताने फक्त ट्रेलरचे ब्रेक हळूहळू लावले. झुलणं कमी कमी होत थांबलं.

रेस्ट एरियात गाडी लावली. मागून आलेल्या भावजींनी कपाटं उघडली आणि डोक्याला हात लावला. मागे एवढं वजन गेलं की पुढचं टोक उचललं जातं, हूकवर भार राहत नाही आणि ट्रेलर झुलतो. मग सगळ्यांनी मिळून पोती, कुकर, खलबत्ता पुढे आणला. सगळे हसत होते. मीही हसले.

पण रवी, तो ट्रेलर झुलत होता ना, तेव्हा मी तुला हाक मारली. मोठ्याने, पिकअपच्या रिकाम्या केबिनमध्ये. आणि रात्री तळ्याकाठी मंडळी गाणी म्हणत होती तेव्हा मला तुझी इतकी आठवण आली की मी पुऱ्यांचं निमित्त करून आत जाऊन बसले. तुझा वास नाही राहिला आता ट्रेलरला. कणकेचा येतो.

आता जे लिहायचं टाळत होते ते लिहिते. सुमेधाताई बोलण्याच्या ओघात बोलून गेल्या. तू तिथल्या इंजिनिअरिंग कॉलेजात कायमची नोकरी धरलीस. वरच्या मजल्यावर खोली बांधायला काढलीस. त्यांना वाटलं मला माहीत असेल. मीही म्हटलं, हो हो, बोलला रवी. त्यांच्यावर रागावू नकोस.

अण्णांना सोडून ये असं मी कधी म्हटलं नाही, म्हणणारही नाही. मागच्या वर्षी ते आजारी पडले तेव्हा दिवाळीपर्यंत येतो म्हणून गेलास, ती दिवाळी होऊन गेली, तरी मी काही बोलले नाही. पण तू मला नागपूरला ये असंही म्हणाला नाहीस. एकदाही नाही. मी आले असते की नसते, मला खरंच माहीत नाही. पण विचारायला काय झालं होतं तुला?

परवा भावजींनी गाडी ट्रकच्या वजनकाट्यावर न्यायला लावली. छोट्या पिकअपला हूकवरचा भार, सामान आणि आत बसलेली माणसं, सगळं मिळून ठरावीकच पेलतं. काट्यावरचा कागद पाहून ते म्हणाले, "वहिनी, अजून बरीच जागा आहे. ऑक्टोबरात लेक सुपिरिअरला जाताय, थंडी असेल, माझा जनरेटर चढवा." मी नाही म्हटलं. का, म्हणाले. मी म्हटलं, ते वजन रवीचं आहे. त्यांनी कागद घडी घालून माझ्या हातात दिला.

प्रत्येक वेळी सामान भरताना मी तुझं वजन धरून भरते, रवी. तू शेजारी बसणार आहेस असं समजून.

ऑक्टोबरच्या पहिल्या शनिवारी मी निघते आहे. तू येणार असशील तर ये. मला तिकडे बोलवायचं असेल तर बोलव. आणि दोन्ही नसेल, तर तसं स्वच्छ दोन ओळींत कळव. मग मी जनरेटर चढवते.

अजून तरी तुझीच,
आसावरी