वाणाची पिशवी

१९ जानेवारी, चंडीगढ

हळदीकुंकू पार पडलं, पण ती पिशवी काही डोक्यातून जात नाही. यंदा वाण म्हणून प्लास्टिकचे डबे लुटायचे नाहीत, असं ठरवून जुन्या सुती साड्यांच्या पिशव्या शिवल्या. सगळ्यांनी कौतुक केलं. निघताना शेजारच्या कुलकर्णीवहिनी म्हणाल्या, "इतकी छान पिशवी मळेल हो! एखादा लिफाफा द्या ना." कॅरीबॅगला इथे लिफाफा म्हणतात, आता आपणही तेच म्हणतो. नाही म्हणायला हवं होतं का? पण नुकतंच कुंकू लावलेल्या बाईला दारात नाही कसं म्हणायचं? सिंकखालून काढून दिला. मग सगळ्याजणींनी मागितला. माझी सुती पिशवी प्लास्टिकमध्ये बसून गेली! चिडू तरी कुणावर? एवढ्या जणी आल्या, आणि लिफाफा एकीलाही कमी पडला नाही.