आमच्या बोळात बँड वाजत नाही

१२ एप्रिल
रत्नदीपच्या वरातीला बंडूजींनी आर्वीहून धुमाल पार्टी ठरवली, ढोल-ताशे बडवणारी. मला न विचारता! धाकटे दीर आहेत, पुतण्याची हौस आहे, कबूल. पण आपल्या बोळात काही वाजत नाही, हे इथेच वाढलेल्या माणसाला सांगायचं?

१३ एप्रिल
वरच्या खोलीतली मयुरी विद्यापीठात शिकते. वरातीच्या दुसऱ्या दिवशी तिचा पेपर. म्हणाली, काकू, मी मैत्रिणीकडे जाते. मी म्हटलं, कुठेही जायचं नाही.

१५ एप्रिल
काल जयंतीची मिरवणूकसुद्धा बोळाच्या तोंडाशी गप्प झाली. ऊर भरून आला!
बोळ तो केवढा— समोरून सायकल आली की आपण कुणाच्या तरी ओट्यावर. छप्पन साली बोळाने दीक्षा घेतली तेव्हा घरोघरी कंदील एक आणि पोरं ढीगभर. मग सगळी पोरं रस्त्यावरच्या दिव्याखाली अभ्यासाला बसायची. माझ्या सासऱ्यांनी आणि शेजाऱ्यांनी तेव्हाच ठरवलं— दिवेलागणीनंतर बोळात आवाज नाही. लग्न असो की बारसं. त्या दिव्याखालून मास्तर निघाले, तलाठी निघाले, डॉक्टरसुद्धा. रुंद रस्त्यावरच्या बंगल्यांतून काय निघतं? मोटारी!

२० एप्रिल
बंडूजी रुसले. "वहिनी, पोराचं लगन हाय का मयत?" आमचे हे नेहमीप्रमाणे पेपरात तोंड घालून. धास्ती मलाही आहेच. मुलीकडचे कारंजा घाडग्याचे, हौशी. सुनेचं पहिलं पाऊल बिनवाजंत्रीचं— काय म्हणतील? तरी नाही म्हणजे नाही.

२७ एप्रिल
वाजतगाजत वरात आली आणि बोळाच्या तोंडाशी धुमाल थांबली. सगळे चिडीचूप चालले. नव्या सुनेची, रोशनीची मावशी माझ्या कानाशी आली— "कोनी वारलं काय जी?" मी उत्तर देण्याआधीच तिनं डोळ्याला पदर लावला. तिचं पाहून मागच्या बायकाही! हसू दाबता दाबता माझी पुरेवाट झाली.
पण घरात आल्यापासून रोशनी गप्प आहे. जेवलीही नाही नीट. माझ्या हट्टापायी पोरीची हौस राहिली का? मन खातंय.

२८ एप्रिल
सकाळी चहा देताना विचारलंच, राग आला का गं?
"नाई आई. मले बारावीच्या फुडं शिकू देलं नाई. कालपासून तुमाले शिकाचं विचारू का नको, असं होऊन राह्यलं होतं. स्थळं लय आलती. या बोळाचं ऐकलं, अन् याच घराले हो म्हटलं." मग आतल्या खोलीकडे बघत हळूच— "त्याईले नका सांगू."
आत रत्नदीप आरशासमोर भांग पाडत होता.