उपाशीपोटीचं परोक्षदर्शन

नाना, तुम्ही गेलात त्या वयाच्या कितीतरी पुढे मी आता आले आहे. काल धाकटी नात ताटावरून उठली, म्हणाली, भूक नाही. मी तिच्यावर इतकी ओरडले की सून हातातलं काम टाकून बाहेर आली. पोर रडायला लागली. ओरडून झाल्यावर डोक्यात तुम्ही होतात. म्हणून आज लिहायला बसले.

रत्नागिरीत विज्ञान शिकवावं तर तुम्हीच, असं तुमचे विद्यार्थी मला अजून सांगतात. मी मान हलवते. देवऋषी, अंगारे, नवस यांचं नाव जरी कुणी ओटीवर काढलं तरी तुम्ही त्याला हसून वाटेला लावायचात. असा माणूस आपल्याच मुलीला त्या नादात कसा ओढतो, हे लोकांना कळलं नसतं. मला माहीत आहे. एका दुपारी मी आईजवळ तांदूळ निवडत होते आणि सहज बोलून गेले, आजोबा पडले. संध्याकाळी पावसहून, माझ्या आजोळाहून, गडी आला. आईचे वडील बागेत चिऱ्यावरून घसरले होते, पाय मुरगळला होता. आजोबा नेहमीच कुठे ना कुठे घसरायचे आणि मी नेहमीच काहीबाही बडबडायचे. आई आणि मी ते आठवड्यात विसरलो. तुम्ही विसरला नाहीत. न तपासता मानायचं नाही, तसं न तपासता झटकायचंही नाही, असं तुम्ही आईला समजावलंत. आई म्हणाली, तिला शाळेत जाऊ द्या म्हणजे झालं.

मांडणी चांगली होती, ते मी नाकारत नाही. तुमचे स्नेही, शाळेतले चित्रकलामास्तर, सुट्टीच्या दिवशी आपल्याकडे यायचे. गावातल्या जागांची नावं लिहिलेल्या चिठ्ठ्या डब्यात असत. मांडवीचा धक्का, दीपगृह, भाट्याची खाडी, मिरकरवाड्यातला मासळीबाजार, अशा. मास्तर एक चिठ्ठी उचलत, कुणालाही न सांगता निघत आणि ठरल्या वेळी त्या जागी उभं राहून समोरचं निरखून बघत. त्याच वेळी मी माजघरात, खिडकीकडे पाठ करून, डोळे मिटून पाटावर बसलेली. समोर तुम्ही. जागा तुम्हालाही माहीत नसायची, तुमच्या आवाजावरूनसुद्धा मला काही कळू नये म्हणून. मास्तरांना दिसतं ते मला इथे बसून दिसतं का बघायचं, याला तुम्ही परोक्षदर्शन म्हणायचात. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, हा तुमचा नियम. कधी जागा लांबची, कधी जवळची. कधी सकाळ, कधी तिन्हीसांजा. कधी मास्तरांऐवजी शाळेचा शिपाई, ज्याला मी ओळखतही नव्हते. कशानेच फरक पडला नाही, कारण मला काहीच दिसत नव्हतं. मी म्हणायचे, पाणी दिसतंय. रत्नागिरीत पाणी म्हटलं की कुठेतरी जुळायचंच. तेवढंसुद्धा तुम्ही हिशेबात धरत नव्हतात, इतके तुम्ही चोख.

मग एके दिवशी तुम्हाला सुचलं की पोट भरलेलं असताना मन जड होतं. त्या दिवशी सकाळपासून मला पेजसुद्धा मिळाली नाही. बैठक झाली, मी चुकले. तुम्ही म्हणालात, थोड्या वेळाने पुन्हा बसू, तोवर काही खायचं नाही. आई दारात उभी होती. पुढच्या उपाशी दिवशी माझी वेणी घालताना ती कानाशी वाकली आणि हळूच म्हणाली, दिवा आहे, उंच, आणि खाली कातळ. मी तसंच तुम्हाला सांगितलं. मास्तर परत आले आणि चिठ्ठी दीपगृहाची निघाली. लगेच तुम्ही म्हणालात, हिला जेवायला वाढ.

तिला कसं कळलं, हे तुम्हाला तेव्हा कळलं नाही याचंच मला नवल वाटतं. मास्तर निघण्याआधी स्वयंपाकघराच्या दाराशी ताक प्यायचे. आई विचारायची, उन्हातून कुठवर जायचंय भावजींना? ते सांगून टाकायचे. त्यात लपवायचं काय, असं त्या भल्या माणसाला वाटायचं. कुणालाही सांगायचं नाही हे त्यांनी तुम्हाला कबूल केलेलं, पण त्या कुणाहीमध्ये चुलीपुढची बाई धरायची असते हे त्यांना सुचलं नाही. तुम्हालाही नाही. तुम्ही खिडकी बंद केलीत, मला भिंतीकडे वळवलंत, स्वतःलाही अंधारात ठेवलंत. आई तेवढी राहून गेली.

मी जेवलेली असले की आई मला काही सांगायची नाही, गरज नसायची. उपाशी असले की सांगायची. तुम्हाला वाटलं, उपासाने दिसतं. मग उपास वाढले. एका वेळचा दोन वेळचा झाला, दुसऱ्या दिवसावर गेला. माझं शाळेत जाणं बंद झालं. आपलं कुठे चुकलं ते आईच्या लक्षात आलं तेव्हा तिने सांगणं बंद केलं, म्हणजे उपासाने काही होत नाही असं ठरेल आणि तुम्ही सोडून द्याल. मी चुकत गेले. तुम्ही म्हणालात, उपास पुरेसा नाही. नाना, त्या पावसाळ्यात आई रात्रंदिवस एवढाच विचार करत असेल, की सांगावं तरी पोर उपाशी, न सांगावं तरी पोर उपाशी.

मग तुम्ही बोलावलेले दोन प्राध्यापक पुण्याहून प्रयोग बघायला आले. आदल्या दिवसापासून माझ्या पोटात पाण्याशिवाय काही नव्हतं. मला आठवतं ते एवढंच, की मी पाटावर बसले आहे, कुणीतरी विचारतं आहे, काय दिसतंय बाळ, आणि जमीन माझ्या गालाला लागते आहे, थंडगार, शेणाच्या वासाची. शुद्धीवर आले तेव्हा डोकं आईच्या मांडीवर होतं. परक्या पुरुषांपुढे कधी न आलेली माझी आई त्या दोघांसमोर बसून तुमच्याकडे बघत होती.

"तिला काही दिसत नाही," ती म्हणाली. "मी सांगत होत्ये तिला. आता तिला जेवायला घालत्ये."

पाहुणे उठून ओटीवर गेले. तुम्ही उभेच होतात. मला वाटलं, तुम्ही खाली वाकाल, माझ्या कपाळाला हात लावाल. निदान आईला ओरडाल. तुम्ही प्रयोगांची वही उघडलीत आणि विचारलंत, "कोणकोणत्या दिवशी?"

आईने मला मऊ भात भरवला आणि तो भरवता भरवता, आठवतील तसे, तुम्हाला दिवस सांगितले. तुम्ही एकेक खोडत गेलात. शेवटी काही उरलं नाही. तुम्ही प्रामाणिक होतात, पाहुण्यांनाही तसंच जाऊन सांगितलंत. आईशी मात्र त्यानंतर कामापुरतंही बोलला नाहीत. निरोप माझ्या तोंडून जायचे, एकाच घरात. चार-पाच वर्षांत ती तापाने गेली. तिच्या तेराव्याला, पानं उठल्यावर, तुम्ही मास्तरांना म्हणालात की या बाईने माझं काम नासवलं. मी पत्रावळी उचलत होते. मास्तरांनी मान खाली घातली. ताकाची गोष्ट त्यांनी तुम्हाला कधी सांगितली का, ते मला माहीत नाही. आईने त्यांचं नाव घेतलं नाही, एवढं मला माहीत आहे.

हे मी कुणाला दाखवणार नाही, आणि तुम्ही असतात तर तुमच्याही हातात दिलं नसतं. पण एक गोष्ट मी आईपाशीही बोलले नव्हते. ते प्रयोग सुरू होण्याआधी तुम्ही माझ्याकडे कधी धड बघितलं नव्हतंत. घरात एक मुलगी होती, बस्स. बैठकीला मात्र तुम्ही समोर बसून माझ्या एकेका शब्दाची वाट बघायचात. सगळं संपलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी पोटभर जेवले, हात धुतले आणि कुणी बोलावलेलं नसताना माजघरात जाऊन, डोळे मिटून बसले. बराच वेळ बसले. तुम्ही आला नाहीत.