इंजिन 808चा पंप

६ फेब्रुवारी
निर्णय झाला. एकोणीस जूनला सासऱ्यांना ऐंशी पूर्ण होतात. ते ज्या वाफेच्या इंजिनावर ड्रायव्हर होते, त्या 808चं मॉडेल मी त्यांना देणार. त्या वर्गाचं तयार मॉडेल बाजारात मिळत नाही. म्हणून त्याच्या जवळपासच्या वर्गाचं तयार इंजिन आणायचं आणि त्याचं रूपांतर करायचं. बॉयलरवरचा घुमट बदलायचा, धुराडं आखूड करायचं, केबिन नव्याने बांधायची. काम दोन महिन्यांचं. मी तीन धरतो, कारण मी स्वतःला ओळखतो.

लग्नाला अठरा वर्षं झाली, पण सासरे अजून मला खिजगणतीत धरत नाहीत. मी बोलतो, ते खिडकीबाहेर बघतात. साडू पांचट विनोद करतो, ते मांडीवर थाप मारून हसतात. वास्तविक जेवताना त्यांच्या डाव्या हाताची खुर्ची सगळे मानाने माझ्यासाठी मोकळी सोडतात. तरी ही गत. बायकोला तसं म्हटलं. ती म्हणाली, मग दुसरीकडे बसून बघ. प्रश्न खुर्चीचा नाही, आदराचा आहे. तो 808 मिळवून देईल.

११ फेब्रुवारी
इंजिन आणलं. दुकानदार म्हणाला, हेच घेऊन जा आणि नुसता नंबर बदला, कोणाला कळतंय. मी म्हणालो, मला कळेल. तो म्हणाला, मग अवघड आहे.

१५ फेब्रुवारी
बायकोने माहेरून 808चा एकमेव फोटो आणला. इंजिन एका बाजूने टिपलेलं, तोंड उजवीकडे, केबिनखाली तरुण सासरे. बाकी अक्षरं काजळीने गेलेली, पण 808 स्वच्छ वाचता येतो. बायको बराच वेळ बघत राहिली आणि म्हणाली, बाबांचा भांग या बाजूला नसतो. तिला इंजिन दाखवावं तर ती भांग बघते.

मी मात्र महत्त्वाचा शोध लावला. तयार मॉडेलवर हवेचा पंप डाव्या बाजूला आहे. फोटोत तो उजव्या बाजूला आहे. कारखान्याने या वर्गात पंप हलवला असला पाहिजे. आजवर कोणाच्या लक्षात आलेलं दिसत नाही.

बायको म्हणाली, बाबांनाच विचार ना. एक तर भेट गुप्त आहे. दुसरं म्हणजे माणसाची आठवण दगा देते. फोटो देत नाही.

१ मार्च
पंप कापून काढला. करवत थोडी खोल गेली आणि बॉयलरला खिडकी पडली. पुट्टीने बुजवली. पुट्टी फुगली. आता बॉयलर एका बाजूने गरोदर दिसतो. घासून सपाट करीन.

९ मार्च
घासलं. खिडकी परत आली.

२३ मार्च
रंग लवकर वाळावा म्हणून इंजिन ओव्हनमध्ये ठेवलं, अगदी मंद आचेवर. बायकोला ते ठाऊक नव्हतं. तिने केकसाठी ओव्हन तापवला. केबिन मान टाकल्यासारखी झुकली आहे, चाकं एकमेकांच्या गळ्यात पडली आहेत.

स्वतःला प्रामाणिकपणे विचारलं, चूक माझी का? बराच विचार केला. ओव्हनवर चिठ्ठी लावायला हवी होती, हे मान्य. पण भांड्याच्या आत बघितल्याशिवाय ते तापवू नये, हेही तितकंच मान्य व्हावं. बायको म्हणाली, केकला दोन दिवस रंगाचा वास येईल. इंजिनाबद्दल एक शब्द नाही.

३० मार्च
दुकान. दुसरं तेच इंजिन. दुकानदाराने विचारलं, पहिल्याचं काय झालं? मी म्हणालो, काम चालू आहे. तो म्हणाला, हेही घरी काम चालू ठेवायलाच नेताय का?

१८ एप्रिल
प्रगती उत्तम. धुराडं कोटाच्या बटणापासून बनवलं, पंप बॉलपेनच्या रिफिलपासून. घुमटासाठी बायकोच्या परफ्यूमचं झाकण अगदी मापात बसलं. तिला सांगायला योग्य वेळ बघतोय.

२ मे
ऑफिसात एका ज्युनियरने डावा ब्रॅकेट उजवा काढला होता. इतरांची ड्रॉइंग्ज तपासणं हीच माझी नोकरी. त्याला समोर बसवून पाऊण तास समजावलं, की लोक नुसतं पाहतात, बघत नाहीत. तो म्हणाला, सर, दोन्हींत फरक काय? पुढच्या पिढीचं कठीण आहे.

२० मे
झाकणाचं बायकोला कळलं. वासावरून. तिच्या मते माझं इंजिन लग्नाला निघाल्यासारखं घमघमतं.

८ जून
साडू घरी आला होता. त्याला टेबलावर इंजिन दिसलं. म्हणाला, साडूभाऊ, फार सुंदर, पण एवढी काटछाट कशाला? दुकानातून उचलायचं, 808 चिकटवायचं, म्हातारा खूष. मी त्याला वर्ग, उपवर्ग आणि पंपाचं स्थलांतर समजावून सांगितलं. त्याने मध्येच मोबाइल काढून दुकानाचा पत्ता विचारला. विषय बदलायची त्याची सवय जुनीच.

१७ जून
पूर्ण! डाव्या बाजूची पुट्टी उजेडात चमकते, पण टेबलावर उजवी बाजूच समोर ठेवीन. पंप तिथेच आहे. उद्या सासरे हातात घेतील आणि म्हणतील, जावईबापू. पुढचं मी रंगवत नाही.

१८ जून
वाढदिवस उद्या आहे. काल चुकून एक दिवस आधीचा लिहिला गेला. उत्साह.

१९ जून
थोडक्यात लिहितो.

साडूने दुकानातलं तेच इंजिन दिलं. 808 चिकटवलेलं, तेही तिरकं. सासऱ्यांनी चष्मा लावला आणि म्हणाले, अरे, हे तर माझंच.

मग मी माझं ठेवलं. त्यांनी सगळ्या बाजूंनी पाहिलं. म्हणाले, हे छान आहे, कुठल्या देशातलं? मी म्हणालो, बाबा, 808च आहे. ते म्हणाले, मग पंप तिकडे काय करतोय? पंप ड्रायव्हरच्या बाजूला, डावीकडे. आयुष्यभर त्याची खडखड ऐकून तर हा कान गेला. आणि त्यांनी डाव्या कानावर टिचकी मारली.

सगळ्यांनी माना डोलावल्या. मी विचारलं, कधी गेला? बायको म्हणाली, आपल्या लग्नाच्या आधीच. सगळ्या घराला माहीत आहे. म्हणून तर त्या बाजूच्या खुर्चीत कोणी बसत नाही.

२० जून
फोटो आरशासमोर धरला. आरशात इंजिनाचं तोंड डावीकडे, पंप डाव्या बाजूला, सासऱ्यांचा भांग जिथे असतो तिथे. फोटो छापताना उलटा छापला गेला होता. 808 उलटा केला तरी 808च राहतो. दुसरा कुठलाही नंबर असता तर मी पहिल्या दिवशीच पकडलं असतं. इतकंच नमूद करतो.

दोन्ही इंजिनांवर कापलेला पंप मुळात जागेवरच होता.

बायकोने आज भांगाबद्दल एक शब्दही काढला नाही. काढला असता तर बरं झालं असतं.

५ जुलै
सासऱ्यांचा फोन. साडूच्या इंजिनाचं एक चाक निखळलंय, तुझ्याकडे सुटं असेल तर घेऊन ये. माझ्याकडे सुटं नव्हतं. जोडलेली होती. माझ्या 808चं एक काढलं आणि त्यांच्या 808ला लावलं. चपखल बसलं. म्हणजे काटेकोर पाहिलं, तर ते इंजिन अंशतः माझंही आहे.

या वेळी मुद्दाम त्यांच्या उजव्या बाजूला बसलो. अठरा वर्षांत प्रथमच त्यांनी माझं ऐकलं. मी सगळं सांगितलं. पुट्टीचे प्रकार, कोणत्या कागदाने किती घासायचं, वर्ग आणि उपवर्ग, उलट्या छपाईची कारणं. ते मन लावून ऐकत होते. उपवर्गांपाशी आलो तेव्हा उठले, खुर्ची उचलली, माझ्या दुसऱ्या बाजूला ठेवली आणि पुन्हा बसले. आता मी त्यांच्या डावीकडे होतो.

डोळ्यांवर ऊन येत असावं. मी बोलत राहिलो.